इंग्रजीतील ‘अनलाइकली’ आणि मराठीतील ‘शक्यता’

बोम्मसंद्रा (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीपर्यंत मेट्रो रेल्वे पोहोचली ती १० ऑगस्ट २०२५ रोजी. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा या १९ किलोमीटरहून अधिक लांबीच्या आणि १६ स्थानकांच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ही मार्गिका ज्या दुसऱ्या टप्प्यात मोडते, त्यास केंद्र सरकारची मंजुरी २०१४ साली मिळाली होती. मधल्या काळात मुदती अनेकदा पुढे गेल्या. स्थापत्यकाम उरकल्यावरही गाड्यांची प्रतीक्षा करावी लागली आणि सेवेचा प्रारंभ अवघ्या तीन गाड्यांनिशी झाला.

अशा प्रदीर्घ प्रतीक्षेच्या काळात इंग्रजी बातम्यांतील काही लहान शब्दांना मोठे महत्त्व येते. मार्गिका जूनपर्यंत सुरू होणे ‘लाइकली’ आहे की ‘अनलाइकली’, ती ‘मे’ सुरू होईल की ‘शुड’, यावरून भाड्याचे घर कोठे घ्यावे, हे नोकरदार माणूस ठरवीत असतो. बातमीचे मराठी रूपांतर होताना यांतील बहुतेक शब्दांच्या वाट्याला एकच प्रतिशब्द येतो : ‘शक्यता’.

शक्य आणि संभाव्य

एखादी गोष्ट घडू शकते एवढेच सांगणे वेगळे आणि ती घडण्याचा संभव किती हे सांगणे वेगळे. इंग्रजी या दोहोंसाठी ‘पॉसिबल’ आणि ‘प्रॉबेबल’ असे निराळे शब्द वापरते. मराठीतही शालेय गणिताच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ हा शब्द आहे. परंतु वृत्तलेखनात ‘शक्यता’ हाच शब्द दोन्ही कामे करतो.

नकारार्थी वाक्यात हा घोटाळा अधिक वाढतो. ‘अनलाइकली’ म्हणजे घडण्याचा संभव कमी. त्याचे ‘शक्यता नाही’ असे भाषांतर केले, तर वाचक ‘हे घडणारच नाही’ असे समजतो. ‘शक्यता कमी आहे’ किंवा ‘जूनपर्यंत सुरू होईलसे दिसत नाही’ ही वाक्ये मुळाच्या अधिक जवळ जातात. याच्या उलट, ‘शक्यता नाकारता येत नाही’ हा वाक्प्रयोग. मूळ इंग्रजीत तो अगदी दुबळा असतो. पुरावा नाही, पण दार पूर्ण बंदही केलेले नाही, एवढाच त्याचा आशय. मराठी मथळ्यात मात्र तो जवळजवळ इशाऱ्यासारखा वाचला जातो.

‘मे नॉट’ आणि ‘शुड’

बोम्मसंद्रा परिसरात औषधनिर्मिती कंपन्या आहेत आणि मोठी रुग्णालयेही आहेत. दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण येथे येतात. अशा ठिकाणी साहाय्यकारी क्रियापदांचा अर्थ चुकणे मेट्रोच्या बातमीपेक्षा महागात पडू शकते.

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात, ‘तुम्हाला यापासून लाभ मे ऑर मे नॉट होईल’ अशा आशयाचे वाक्य सामान्यतः असते. ‘मे नॉट’चा अर्थ येथे ‘कदाचित होणार नाही’ असा आहे. त्याचे ‘लाभ होऊ शकत नाही’ असे रूपांतर केले, तर अनिश्चिततेच्या जागी ठाम नकार येतो. भारतात २०१९ साली लागू झालेल्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार, सहभागी व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती देणे आवश्यक आहे. संमतीचा अर्थ त्या भाषेच्या अचूकपणावरच अवलंबून असतो.

‘शुड’चेही तसेच. ‘दोन दिवसांत सूज शुड उतरेल’ याचा अर्थ ‘उतरायला हवी’ असा कर्तव्यसूचक नसून ‘बहुधा उतरेल’ असा अपेक्षासूचक आहे.

‘डाउट’चा उलटा अर्थ

सर्वांत फसवा शब्द ‘डाउट’ हा आहे. मराठीत ‘त्यानेच चोरी केली असा मला संशय आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्याचा कल ‘केली असावी’ याकडे असतो. हेच वाक्य इंग्रजीत ‘आय डाउट’ने सुरू केले, तर अर्थ नेमका उलटतो : ‘त्याने चोरी केली असे मला वाटत नाही.’ मराठी आशयासाठी इंग्रजीत ‘आय सस्पेक्ट’ लिहावे लागते. ‘शंका’ आणि ‘संशय’ हे मराठी शब्द दोन्हीकडे झुकू शकतात, इंग्रजी क्रियापदे झुकत नाहीत. भारतीय वर्गांत ‘डाउट’ म्हणजे विचारावयाचा प्रश्न, हा आणखी एक अर्थ रूढ आहे. इंग्लंड-अमेरिकेतील वाचकाला तो चटकन उमगत नाही.

‘नो डाउट’ हाही दिसतो तितका निःशंक नाही. लेखी इंग्रजीत तो पुष्कळदा ‘बहुधा’ किंवा ‘असेलही, पण’ एवढ्याच अर्थाने येतो.

शब्दांना आकड्यांची जोड

हा संभ्रम केवळ भाषांतरापुरता नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असल्याचे लिहिले. त्या कामात सहभागी असलेले शर्मन केंट यांच्या मनात ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण होते. सहकाऱ्यांना विचारले असता त्यांचे आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत निघाले. त्यानंतर केंट यांनी अशा शब्दांना टक्केवारीची जोड देण्याचा आग्रह धरला. या विषयावरील त्यांचा लेख १९६४ साली प्रसिद्ध झाला.

आज अनेक संस्था असे कोष्टक वापरतात. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजेच आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘अनलाइकली’ म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांत मात्र ‘लाइकली’ २५ ते ५० टक्क्यांसाठी आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५ टक्क्यांहून अधिक संभवासाठी वापरले जाते. शब्द एकच, पण माप वेगळे. युरोपातील औषधांच्या माहितीपत्रकांत ‘रेअर’ दुष्परिणाम म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना होणारा.

मराठीची स्वतःची साधने

अनिश्चितता व्यक्त करण्यास मराठी अपुरी पडते, असे मात्र नाही. ‘आग विजेच्या तारांमुळे लागली असावी’ यातील ‘असावी’ हे एकच रूप अनुमान दाखविते. ‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असणार’ यांतून खात्री पायरीपायरीने वाढते. ऐकीव माहितीसाठी बोलीत ‘म्हणे’ आहे, तर लेखी मराठीत ‘असे समजते’ आहे. न्यायालयात सिद्ध न झालेल्या आरोपासाठी ‘कथित’ हा शब्द आहे. मात्र त्याऐवजी ‘तथाकथित’ लिहिल्यास उपहासाचा सूर उमटतो. याशिवाय ‘क्वचित’, ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘बव्हंशी’ हे शब्दही हाताशी आहेत. सगळा भार ‘शक्यता’ या एका शब्दावर टाकल्यामुळे ते मागे पडतात.

इंग्रजी मजकूर वाचताना, विशेषतः तो आरोग्याशी, पैशाशी किंवा करारमदाराशी निगडित असल्यास, दोन गोष्टी तपासून पाहणे हिताचे ठरते. लेखक घटना घडण्याकडे झुकतो आहे की न घडण्याकडे, आणि त्या संस्थेने आपल्या शब्दांचे माप कोठे दिले आहे काय. माप दिलेले नसल्यास डॉक्टरांना किंवा अधिकाऱ्यांना सरळ विचारावे : शंभरांत किती जणांना? ‘लाइकली’चे उत्तर शब्दांत मिळाले तर गैरसमजास वाव राहतो, आकड्यात मिळाले तर तो बराच कमी होतो.