रानातील कोठी आणि तिचा रहाट

मंडळी, टेंभी नाक्यापासून येऊरचे रान फार लांब नाही. तिथल्या माकडांना चणे टाकणारे पुष्कळ. अमेरिकेत तर हरणांसाठी दाण्यांचे पिंपच झाडाला टांगतात आणि हाताच्या रहाटाने वरखाली करतात. असा रहाट टिकाऊ कसा निवडावा?

विहिरीच्या रहाटाचेच हे भावंड. दांडा 30 सेंटिमीटर आणि दोर गुंडाळणाऱ्या रुळाची त्रिज्या 5, तर जोर सहापट. 60 किलोचे पिंप दहाएक किलोच्या जोराने उचलते. घर्षणापायी थोडे जास्त लागते इतकेच. दात्यांत अडकणारी खिटी हवीच. नाहीतर हात सुटला की पिंप डोक्यावर! आपल्या दमट हवेत तारेचा दोर जस्त चढवलेलाच घ्यावा.

मग येऊरला असे पिंप टांगावे काय? मुळीच नाही. तिकडे ते बहुधा शिकारीसाठी असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय दाण्याला चटावलेले माकड रस्त्यावर येते आणि गाडीखाली सापडते.

तेव्हा गुरुजी, रहाट विहिरीवरच दाखवा, मुलांना त्याचे गणित शिकवा. आणि चण्याची पुडी खिशातच राहू द्या. रानाचे पोट रान भरते.