पिकअपच्या तीन गाळण्या

शाळेचा पिकअप ट्रक आपण रोज पाहतो. पहाटे मेससाठी दूध-भाजी आणणारा, क्रॉस कंट्रीच्या दिवशी पाण्याचे जेरीकॅन वाहणारा आणि कॅम्पला तंबू घेऊन आपल्या आधी पोहोचणारा तोच. रात्री कोणी आजारी पडले आणि दुसरी गाडी बाहेर गेलेली असली, तर त्यालाच निघावे लागते. अशी गाडी ऐन वेळी बंद पडून चालत नाही.

हॉबीच्या तासाला मी एम.टी. विभागात जातो. तिथे उस्तादांच्या हाताखाली जे काम मी सर्वांत जास्त वेळा पाहिले आणि केले, ते म्हणजे फिल्टर बदलणे. काम लहान दिसते, पण इंजिन किती वर्षे चालणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेतमालासाठी किंवा दुकानासाठी असाच डिझेल पिकअप आहे, म्हणून हा लेख पालकांसाठीही आहे.

चांगला फिल्टर म्हणजे कसा?

घरात चहाला गाळणी लागते, पिठाला चाळणी लागते आणि औषधाची पूड वस्त्रगाळ करावी लागते. पीठ कोणी चहाच्या गाळणीने चाळत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. हवा, ऑइल आणि डिझेल या तिघांसाठी तीन वेगळ्या गाळण्या असतात.

फिल्टर हा गेटवरच्या संतरीसारखा असतो. त्याने परक्याला अडवले पाहिजे, आपल्या माणसाला विनाविलंब सोडले पाहिजे आणि ड्यूटी संपेपर्यंत टिकले पाहिजे. म्हणजे फिल्टरचे तीन गुण झाले : किती बारीक कण अडवतो, प्रवाहाला किती कमी अडथळा करतो आणि तुंबण्याआधी किती कचरा साठवतो. हे गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. कागद जितका बारीक छिद्रांचा, तितका अडथळा जास्त. म्हणून कागदाला घड्या घालून थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग बसवलेला असतो. स्वस्त फिल्टरमध्ये बहुधा याच घड्या कमी आणि वेड्यावाकड्या असतात.

कण मोजण्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. डब्यावर फक्त '१० मायक्रॉन' लिहिलेले असले तरी तेवढ्याने भागत नाही. त्या आकाराचे शंभर कण आले तर पन्नास अडतात की अठ्ठ्याण्णव, यावर सगळा फरक पडतो.

हवेचा फिल्टर

एक गणित करून पाहू. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये साधारण २.५ लिटरचे डिझेल इंजिन असते. फोर-स्ट्रोक इंजिनातला प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. मिनिटाला २,००० फेरे धरले तर २,५०० लिटर हवा झाली, म्हणजे तासाला १,५०,००० लिटर किंवा १५० घनमीटर. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा मावते. म्हणजे इंजिन तासाभरात एक अख्खा वर्ग पिऊन टाकते! टर्बो असेल तर त्याहूनही जास्त.

राजस्थानात मे-जूनच्या आंधीत त्या हवेत काय असते ते आपल्या दातांना ठाऊक आहे. वाळूतले क्वार्ट्झ साध्या लोखंडापेक्षा कठीण असते. ते सिलिंडरमध्ये गेले तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासली जाते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या एम-१ एब्रम्स रणगाड्यांनाही वाळूमुळे एअर फिल्टर पुन्हापुन्हा साफ करावे लागले होते.

पण इथे एक गोष्ट उलटी आहे. थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो, कारण बसलेली धूळ स्वतःच गाळणीचे काम करू लागते. म्हणून रोज उठून तो काढून झटकणे बरोबर नाही. प्रत्येक वेळी डबा उघडला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. काही गाड्यांत अडथळा दाखवणारा इंडिकेटर असतो. तो नसेल तर पुस्तिकेत दिलेले किलोमीटर पाहावेत आणि धुळीच्या भागात त्याआधी बदलावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तरच कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. जोराच्या हवेने कागदाला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरली की ती ताऱ्यांसारखी चमकतात. असा फिल्टर टाकून द्यायचा.

ऑइल फिल्टर

'आटे बसले म्हणजे फिल्टर चालला' असे पुष्कळांना वाटते. पण डब्याच्या आत दोन झडपा असतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. एक बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले की ती उघडते आणि न गाळलेले ऑइल पुढे सोडते, कारण इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा मळके मिळालेले बरे. ती किती दाबाला उघडायची हे इंजिनाप्रमाणे ठरलेले असते. दुसरी झडप इंजिन बंद असताना फिल्टरमधले ऑइल परत खाली ओघळू देत नाही. ती खराब असेल तर सकाळी स्टार्ट करताच काही क्षण कोरडा खडखडाट ऐकू येतो. म्हणून फिल्टर आट्यावरून नव्हे, पार्ट नंबरवरून घ्यावा.

बदलताना इंजिन कोमट असावे. फार गरम ऑइलने हात भाजतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहायचे. जुनी रिंग तशीच राहून वर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावायचे, रिंग टेकली की पुढे हाताने साधारण पाऊण फेरा आवळायचे (नेमके प्रमाण डब्यावर छापलेले असते). पान्याचा जोर लावायचा नाही. नंतर इंजिन चालू करून गळती पाहायची, बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहायची. काढलेले ऑइल नालीत किंवा मातीत ओतायचे नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे.

डिझेल फिल्टर

तिघांत सर्वांत नाजूक काम याचे. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने इंजेक्टरमधून फवारले जाते, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १,६०० पट. इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांमधली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. डोळ्याला न दिसणारा कणही तिथे ओरखडा काढतो. एका इंजेक्टरच्या किमतीत कितीतरी फिल्टर येतात, तरी फिल्टरवरच पैसे वाचवले जातात.

याचा दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन उतरते. डिझेलची सापेक्ष घनता सुमारे ०.८३, म्हणून पाणी तळाशी बसते. गेल्या कॅम्पला जाताना चढावर आमचा पिकअप ओढेना आणि फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला. उस्तादांनी फिल्टरच्या तळाचा नळ सैल करून डिझेल पारदर्शक बाटलीत घेतले. खाली दोन बोटे पाणी, वर डिझेल! नळ आवळला, हातपंप दाबला आणि पुढचे पंचवीस किलोमीटर गाडी सुरळीत गेली. टाकी संध्याकाळीच भरून ठेवायची, हा नियम मला तेव्हा कळला.

नवा फिल्टर बसवल्यावर हातपंपाने हवा काढावी लागते. हा वेळ वाचवायला काही जण मधल्या भोकातून डिझेल ओतून फिल्टर आधीच भरतात. पण बहुतेक फिल्टरमध्ये मधले भोक गाळलेल्या बाजूचे असते. तिथे ओतलेले डिझेल न गाळता सरळ पंपात जाते.

कडाक्याच्या थंडीत मात्र नवा फिल्टरही हतबल होतो. डिझेलमधले मेण गोठून कागदावर बसते आणि रस्ता बंद होतो. अशा वेळी फिल्टर नाही, डिझेल बदलावे लागते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले, ते यासाठीच.

विकत घेताना

गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबर चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दुकानात डबा उघडून घड्या समान आहेत का, कागद दोन्ही टोकांना नीट चिकटलेला आहे का आणि रिंग सारखी बसली आहे का, ते पाहा. बसवल्यावर डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरायचे. कमी चाललेल्या गाडीचे फिल्टरही जुने होतात.

एम.टी. शेडच्या फळीवर उस्तादांनी एक जुना ऑइल फिल्टर कापून ठेवला आहे. त्याच्या घड्या उलगडल्या की काळ्या चिखलात बारीक चमचमणारे धातूचे कण दिसतात. रविवारी वेळ मिळाला तर येऊन जरूर पाहा. ते सगळे इंजिनात फिरत राहिले असते.