कुत्र्या-मांजरांचा विमा : कोणी घ्यावा व कसा निवडावा

गाईम्हशींचा विमा ही गोष्ट आतां आपल्या शेतकरी बंधूंस नवी राहिलेली नाहीं. जनावराच्या कानांत पिवळा बिल्ला असावा, त्यावर १२ आंकडी क्रमांक असावा, आणि तो बिल्ला नसेल तर भरपाई मिळत नाहीं, हें बहुतेकांस ठाऊक झालें आहे. परंतु गोठ्याच्या तोंडाशीं बसणारा कुत्रा व कणगीभोंवतीं फिरणारें मांजर यांचाहि विमा उतरतां येतो, हें ऐकून पुष्कळांस अद्याप हसूं येतें. हसण्याचें कारण नाहीं. तसेंच विमा विकणाराच्या गोड शब्दांस भुलून हप्ता भरण्याचेंहि कारण नाहीं. या विषयाचा हिशेबी विचार व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख.

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें गांव या विचारास फार सोयीचें आहे. येथील घरांस चौकटी आहेत पण कवाडें नाहींत, ही ख्याति सर्वत्र आहे. श्रीशनैश्वर गांवाची राखण करितो, या श्रद्धेनें ही चाल चालत आली. तथापि रात्रीं कित्येक घरांच्या चौकटीस एखादी फळी टेकवून ठेवितात; ती चोरासाठीं नसून भटकीं कुत्रीं आंत शिरूं नयेत म्हणून असते. चोराचा भार देवावर व कुत्र्याचा भार फळीवर, अशी ही वांटणी आहे. २०११ सालीं युको बँकेनें येथें शाखा उघडली, तेव्हां गांवच्या रीतीस मान देऊन दारास नेहमीचें कुलूप लावलें नाहीं. काचेचें दार बसविलें, पण रोकड जपण्याची तजवीज निराळी केली. २०१५ सालीं गांवांत पोलिस ठाणेंहि आलें. श्रद्धा राखावी व हिशेबहि राखावा, हा त्यांतील धडा. आणि विमा हा सर्वस्वीं हिशेबाचा भाग आहे.

विमा प्रेमाच्या मापानें उतरावयाचा नसतो. जो तोटा एका वेळीं सोसवणार नाहीं, त्याच्या मापानें उतरावयाचा असतो. गाय दगावली म्हणजे दुधाचा पैसा त्याच दिवशीं थांबतो. २०२२ सालीं लम्पी रोगाच्या सांथींत राज्य सरकारनें दुभत्या गाईमागें ३०,००० रुपये, बैलामागें २५,००० व वासरामागें १६,००० रुपये मदत दिली. घोडेगांवच्या बाजारांत चांगलें दुभतें जनावर घेतलेल्या कोणासहि विचारावें, या रकमेंत तें पुन्हां येतें काय! म्हणून पैसा बेताचा असेल तर पहिला हप्ता गाईम्हशींचाच. त्यास सरकारचा हातभारहि आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२४ सालच्या निर्णयानें मालकाचा वांटा हप्त्याच्या शेंकडा १५ ठरला. उरलेला भार केंद्र व राज्य यांनीं ६० व ४० या प्रमाणांत उचलावयाचा आहे. त्या योजनेंत शेळी, मेंढी, फार काय ससासुद्धां आहे. कुत्रा व मांजर मात्र नाहींत. त्यांचा हप्ता सगळा आपल्याच खिशांतून जावयाचा, हें प्रथम ध्यानांत धरावें.

कुत्र्याचे विमे मुख्यत्वें दोन प्रकारचे. पहिला मृत्यूचा : कुत्रा रोगानें अगर अपघातानें मेला तर ठरलेली किंमत मिळते. दुसरा उपचाराचा : शस्त्रक्रिया, दवाखान्यांतील मुक्काम, औषधें यांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. स्वीडन देशांत हा धंदा घोड्यांच्या व गुरांच्या विम्यापासून वाढला आणि १९२४ सालीं तेथें कुत्र्याचा पहिला विमा उतरला गेला. आपल्याकडेहि क्रम तोच. सरकारी कंपन्या गुरांबरोबर कुत्र्यांचाहि विमा उतरीत आल्या, आणि २०२० सालीं पुण्याच्या बजाज अलियान्झ कंपनीनें उपचारखर्चासह कुत्र्यांचा विमा बाजारांत आणिला.

आतां हिशेब पाहूं. समजा, कुत्र्याची किंमत १५,००० रुपये असून मृत्यूच्या विम्याचा हप्ता शेंकडा ५ आहे. वर्षास ७५० रुपये व वर कर. पांच वर्षांत कर सोडून ३,७५० रुपये गेले. विकत आणलेल्या अल्सेशियन किंवा लॅब्राडोर कुत्र्यासाठीं हा व्यवहार विचार करण्यासारखा आहे. परंतु वस्तीवरील गांवठी कुत्र्याची कागदावर किंमत ती काय लागणार? किंमत थोडी, तर भरपाईहि थोडी. त्यापेक्षां दरमहा १०० रुपये निराळे टाकल्यास पांच वर्षांत ६,००० रुपये सांठतात, आणि मोडलेला पाय बांधून घेण्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं.

मग गांवठी कुत्र्याच्या बाबतींत न सोसणारा तोटा कोणता? तो त्याच्या मरणाचा नसून त्याच्या चावण्याचा आहे. शनि-अमावास्येस शिंगणापुरास यात्रेकरूंची रीघ लागते. सोनई व घोडेगांवच्या रस्त्यांलगत ज्यांच्या वस्त्या आहेत, त्यांच्या अंगणावरून परकें माणूस सदा जात असतें. कुत्रा अंगावर धांवल्यामुळें मोटारसायकलवरचा मनुष्य पडला व त्याचा हात मोडला, तर दवाखान्याचा खर्च मालकावर येऊं शकतो. जनावराच्या बंदोबस्तांत हयगय करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कैद कोणताहि विमा टाळीत नाहीं. पण तिऱ्हाइताच्या इजेची भरपाई कांहीं विमापत्रांत अंतर्भूत असते, किंवा जादा हप्ता देऊन घेतां येते. शेतकऱ्यानें विमापत्रांत प्रथम शोधावयाचें कलम तें हेंच.

सही करण्यापूर्वीं आणखी कांहीं गोष्टींचा लेखी खुलासा मागावा. जमिनीस जसा सात-बारा, तसा जनावरास ओळखीचा पुरावा लागतो. कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, तिचा क्रमांक १५ आंकडी असतो. ती आवश्यक आहे, कीं छायाचित्र व पशुवैद्याचा दाखला पुरतो, हें विचारावें. वयाची मर्यादा काय व विमा उतरल्यापासून किती दिवस आजाराची भरपाई मिळत नाहीं, तें पाहावें. पूर्वीचा आजार बहुधा वगळलेला असतो. लस टोचलेली नसतां त्याच रोगानें कुत्रा मेला तर दावा फेटाळला जातो. म्हणून पिसाळी, पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसींची नोंद पशुवैद्याच्या सहीनिशीं जपून ठेवावी. चोरीची जोखीम घेतली असेल तर शिंगणापुरासारख्या उघड्या घरांतून कुत्रा गेल्यास ती मालकाची निष्काळजी ठरते काय, हें मुद्दाम लिहून घ्यावें.

आपल्या जिल्ह्यांत बिबट्याचा प्रश्नहि असाच आहे. अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांत बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनांत शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा आढळला, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९. वनखात्याची भरपाई गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांसाठीं असते. कुत्र्यासाठीं तिच्यावर भिस्त ठेवूं नये. तेव्हां श्वापदाचा हल्ला हा अपघातांत मोडतो कीं नाहीं, हें विमापत्रांत पाहावें. आणि विमा असो वा नसो, रात्रीं कुत्रा बंदिस्त जागेंत ठेवावा.

मांजराविषयीं थोडक्यांत सांगतों. घरांत बांधीव जागीं वाढविलेल्या किंमती मांजराचा विमा उपचारापुरता घ्यावयास हरकत नाहीं. कणगीवरच्या मांजराचा हप्ता भरूं नये; त्यास पिसाळीची लस द्यावी, आणि उंदरांस विष घालणें सोडावें, कारण विषानें मेलेला उंदीर खाऊन मांजरहि दगावतें.

दावा नाकारला गेला, अगर लेखी तक्रारीस कंपनीनें एक महिन्यांत उत्तर दिलें नाहीं, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आंत अर्ज करितां येतो. तेथें फी नाहीं व वकीलहि लागत नाहीं. मात्र कागद आपल्याजवळ हवेत.

तात्पर्य, प्रथम गाईम्हशींचा विमा. मग कुत्र्यास पिसाळीची लस व वस्ती रस्त्यालगत असल्यास तिऱ्हाइताच्या इजेची तरतूद. त्यानंतर किंमती कुत्र्याचा उपचारविमा. पिसाळी माणसास एकदां जडली म्हणजे तीवर उपाय चालत नाहीं. म्हणून ज्या घरीं दुसरें कांहीं करणें होत नसेल, त्या घरानेंहि पशुवैद्यकीय दवाखान्यांत कुत्र्यास नेऊन लस टोचून आणावी.