रेशीम मार्गावरील संगीत : कूचाच्या स्वरपरंपरेचा एक अभ्यास

प्रस्तावना

रेशीम मार्गाचा विचार करताना रेशीम, घोडे व मौल्यवान खडे यांचा व्यापार प्रथम आठवतो. तथापि याच मार्गाने वाद्ये, वादक आणि स्वरसंज्ञा यांचेही स्थलांतर झाले. पारंपरिक संगीत ही एखाद्या भूमीची स्वतंत्र मालमत्ता होय, असे आपण अध्यापनातही अनेकदा गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, हे तारिम खोऱ्यातील कूचा या प्राचीन बौद्ध राज्याच्या उदाहरणावरून तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वरसंज्ञांचा प्रवास

इ. स. ५६८ मध्ये उत्तर चीनमधील झोऊ सम्राट वू याचा विवाह तुर्क राजकन्येशी झाला. तिच्या परिवारासोबत कूचाचा एक पिपावादक चीनमध्ये आला. चिनी साधनांतील त्याचे 'सुझीपो' हे नाव 'सुजीव' या संस्कृत नावाचे रूप असावे, असे अभ्यासक मानतात. स्वेई राजवंशाच्या इतिहासग्रंथानुसार सात स्वरमेळांची विद्या त्याला पित्याकडून प्राप्त झाली होती. झेंग यी या अधिकाऱ्याने ती त्याच्याकडून समजून घेऊन दरबारातील संगीतविषयक चर्चेत मांडली. या स्वरमेळांची नावे चिनी नव्हती. त्यांपैकी काहींचा संबंध अभ्यासकांनी साधारित, पंचम व कैशिक या भारतीय संज्ञांशी जोडला आहे. तमिळनाडूतील कुडुमियान्मलै येथील सुमारे सातव्या शतकातील संगीतविषयक शिलालेखात या तिन्ही संज्ञा आढळतात.

वाद्यांचा प्रवास

यावरून सर्व काही भारतातूनच गेले, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वाकड्या मानेच्या चार तारी पिपाचे नाते इराणी बरबतशी सांगितले जाते. सरळ मानेचे पाच तारी वाद्य कूचानजीकच्या किझिल लेण्यांतील चित्रांत दिसते. सातव्या शतकात तांग दरबाराच्या संगीताचे दहा विभाग होते. त्यांत कूचा, समरकंद, बुखारा, काशगर यांच्याबरोबर भारताचाही विभाग होता.

इ. स. ७५६ मध्ये जपानचा माजी सम्राट शोमू निधन पावला. सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वस्तू नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धास अर्पण केल्या. त्यांतील शिंपल्याच्या जडावाचे पाच तारी बिवा वाद्य शोसोइन या भांडारात सुरक्षित आहे. त्यावर उंटावर बसून वाद्य वाजविणारा वादक चितारलेला आहे. या प्रकारचे हे एकमेव प्राचीन वाद्य आज शिल्लक आहे. चीनमध्ये ते प्रचारातून गेले; कूचामध्ये उरली ती लेण्यांतील चित्रे.

निष्कर्ष

कूचाचे वाद्य नारा येथे टिकले आणि त्याच्या वादकाची विद्या चिनी इतिहासग्रंथात नोंदली गेली. म्हणजेच परंपरेच्या रक्षणात जन्मभूमीइतकाच स्वीकारणाऱ्या समाजाचाही वाटा असतो. त्यामुळे संगीताचा इतिहास शिकविताना 'हे मूळचे कोणाचे?' या प्रश्नावर न थांबता 'हे कोणी, कसे जतन केले?' हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा अभिमानाच्या भरात इतिहासाचा निम्मा भाग आपल्या नजरेतून सुटेल.