मागे बकेट बसवलेला छोटा ट्रॅक्टर : घ्यायचा की भाड्याने बोलवायचा?



सध्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपण मिनी जेसीबी घेऊया का?" म्हणजे छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे खोदाईची बकेट. कलमांचे खड्डे, पाण्याच्या पाइपचे चर, शोषखड्डे, घराचा पाया, गोठ्यामागचा उकिरडा हलवणं, अशी कामं प्रत्येक वाडीत असतात आणि माणूस मिळत नाही, हे खरंच आहे. पण हे मशीन घेणं म्हणजे पापडाचं यंत्र घेणं नव्हे. गटांची पाच-सात वर्षांची बचत आणि वर बँकेचं कर्ज त्यात अडकतं. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ मिटवू. जेसीबी हे मशीनचं नाव नाही, कंपनीचं आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्लंडच्या माणसाने १९४५ मध्ये ती काढली, त्याच्या नावाची ही आद्याक्षरं. आपल्याकडे रस्त्यावर दिसतं ते पिवळं मशीन साधारण साडेसात टन वजनाचं असतं आणि मुळातच खोदाईसाठी बनवलेलं असतं. मागच्या खोदाईच्या हाताला बॅकहो म्हणतात. आपण ज्याबद्दल बोलतोय तो शेतीचा ट्रॅक्टर, २० ते ३० एचपीचा, ज्याला मागून बॅकहो जोडलाय. दोघांची ताकद एक नाही, आणि विक्रेता काहीही म्हणाला तरी होणार नाही.

मग छोट्याचा उपयोग कुठे? जिथे मोठं मशीन पोचत नाही तिथे. आपल्या कोकणातल्या वाड्या बघा. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, बेड्यातून बैलगाडी जेमतेम आत जाते. आगरात माडा-पोफळीच्या ओळींमधून साडेसात टनांचं धूड नेलं तर चार झाडांची मुळं तुटतात. तिथे चार-सव्वाचार फूट रुंदीचा ट्रॅक्टर सुखाने शिरतो. बेड्याची रुंदी मात्र टेपने मोजून न्या, आणि ट्रॅक्टर नुसता नाही तर बॅकहोचे पाय धरून किती रुंद आहे ते विचारा. हे पाय म्हणजे खोदताना दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकतात ते जॅक. ते पसरायलाही जागा लागते.

आणि कुठे उपयोग नाही? कातळावर. सड्यावरचा जांभा हा बकेटचे दात खातो, ट्रॅक्टर मागे-पुढे ओढला जातो, आणि खड्डा वीतभरच होतो. तिथे ब्रेकर लागतो, तो मोठ्या मशीनचा. तुमच्या गावातल्या कामांपैकी निम्मी कामं सड्यावरची असतील तर हा लेख इथेच मिटवून ठेवला तरी चालेल.

जोडणी : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

विक्रेत्याकडे गेलात की तो पहिल्यांदा एचपी सांगेल, मग हप्ता सांगेल. तुम्ही पहिल्यांदा खाली वाकून जोडणी बघा.

बॅकहो दोन प्रकारे जोडतात. एक म्हणजे नांगर, रोटाव्हेटर अडकवतो त्याच तीन दांड्यांवर. हे स्वस्त पडतं आणि कुठल्याही ट्रॅक्टरला बसतं. दुसरा प्रकार म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या धुरापर्यंत लोखंडी सांगाडा घालायचा आणि बॅकहो त्या सांगाड्याला बोल्टने किंवा पिनने पक्का करायचा. याला सबफ्रेम म्हणतात.

फरक का पडतो ते बघा. बकेट दगडात अडकली आणि चालवणाऱ्याने लिव्हर ओढली की जमीन हलत नाही, ट्रॅक्टर हलतो. तो सगळा झटका जोडणीवर येतो. तीन दांड्या नांगर ओढण्यासाठी आणि उचलण्यासाठी केलेल्या आहेत, असे उलटसुलट झटके खाण्यासाठी नाहीत. रोज असं काम केलं तर मागचं हाउसिंग, म्हणजे गिअर आणि धुऱ्याचं ओतीव कवच, तडकू शकतं. ते बदलणं म्हणजे अर्धा ट्रॅक्टर उघडणं. त्याहून वाईट म्हणजे वरची दांडी तुटली तर अख्खा बॅकहो चालवणाऱ्याच्या अंगावर वर येतो, आणि माणूस सीट आणि लोखंडाच्या मध्ये सापडतो. सबफ्रेममध्ये तो झटका ट्रॅक्टरच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. परदेशात घरगुती शेतांसाठी कारखान्यातूनच बॅकहोसकट येणारे छोटे ट्रॅक्टर मिळतात, कुबोटाचा बीएक्स२३एस हा त्यातला नावाजलेला. त्यातही बॅकहो ट्रॅक्टरच्या सांगाड्यालाच पक्का केलेला असतो.

वर्षाला चार खड्डे काढायचे असतील तर तीन दांड्यांचं एकवेळ चालेल. भाड्याने रोज फिरवायचं असेल तर सबफ्रेमशिवाय घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. आणि एक कागद मागा : या ट्रॅक्टरला हा बॅकहो जोडला तरी ट्रॅक्टरची वॉरंटी कायम राहील, असं ट्रॅक्टर कंपनीच्या डीलरने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. बॅकहो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारखान्याचा असतो. काही बिघडलं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे, आणि मध्ये हप्ता आपण भरतो.

दुसरी तपासणी वजनाची. बॅकहो काही क्विंटलांचा असतो आणि तो मागच्या चाकांच्याही मागे लटकतो. त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत फिरवल्यासारखं वाटतं. पुढे वजनं लावलेली हवीत, किंवा लोडर. २४ एचपीच्या ट्रॅक्टरांची, उदाहरणार्थ महिंद्रा जिवो २४५ ची, मागची उचल ७५० किलोची असते. पण उचलता येतं म्हणजे ते घेऊन चढावर फिरता येतं असं नाही. कोकणात सपाट जागा किती ते तुम्हाला सांगायला नको. चारही चाकांना ताकद देणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच घ्या. पाठीमागे बॅकहो असताना तीव्र चढ सरळ चढायचा नाही, रिव्हर्समध्ये चढायचा, जड बाजू वरच्या अंगाला ठेवून. नाहीतर पुढची चाकं उचलली जातात. सीटच्या मागे लोखंडी कमान आणि सीटबेल्ट आहे का तेही बघा. ट्रॅक्टर उलटला तर तेवढंच जीव वाचवतं, आणि नेमकं तेच "एक्स्ट्रा" म्हणून बाजूला ठेवलेलं असतं.

तिसरी गोष्ट तेलाची. बॅकहोचा हात हायड्रोलिक तेलाच्या दाबावर चालतो. छोट्या ट्रॅक्टरच्या स्वतःच्या पंपाचं तेल त्याला सहसा पुरत नाही, हात अडखळत, सावकाश चालतो. म्हणून मागच्या पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी हवी. कोटेशनमध्ये ती धरली आहे का ते वाचा.

१८ एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरबद्दलही सांगते, कारण आपल्या काही गटांकडे तो आहे. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनं मिळतात, ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर. योजना चांगली आहे. तो ट्रॅक्टर चिखलणीला, ट्रॉलीला, रोटाव्हेटरला वापरा. त्याच्यामागे बॅकहो लटकवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याचं अंगच तेवढं नाही.

आता हिशेब

पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कोटेशनप्रमाणे बदलून घ्या, पण रीत हीच ठेवा.

समजा सगळं मिळून ९ लाख. ग्रामसंघाचे २ लाख, कर्ज ७ लाख, १२ टक्क्यांनी, ५ वर्षं. महिन्याचा हप्ता १५,५७१ रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ८७ हजारांच्या आसपास. ड्रायव्हरला महिना १५ हजार धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार. विमा, टायर, दुरुस्ती मिळून ६० हजार धरू. झाले ४ लाख २७ हजार. मशीन जागेवर उभं राहिलं तरी हे द्यायचेच.

भाडं तासाला ८०० मिळतं म्हणू. त्यातून डिझेल ३ लिटर, ९५ च्या भावाने २८५, ऑइल-ग्रीस ६५. उरले ४५०. आता ४ लाख २७ हजारांना ४५० ने भागा. साधारण ९५० तास. पावसाचे चार महिने आपल्याकडे खोदाई बंद. उरलेल्या आठ महिन्यांत, महिन्याचे २४ दिवस धरून, रोज पाच तास मशीन चाललं तर कुठे बरोबरी होते. नफा त्यानंतर. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचा वेळ यात नाही, त्याचे पैसे कोणी देत नाही.

ड्रायव्हरला पगाराऐवजी तासाला १५० दिले तर? तासामागे ३०० उरतात, ठरलेला खर्च २ लाख ४७ हजार, आणि बरोबरी ८२३ तासांवर येते. बोजा थोडा हलका होतो, पण काम नसेल त्या महिन्यात चांगला माणूस टिकत नाही, हेही आहे.

इतके तास आपल्याकडे आहेत का? हे सीआरपीताईंनी वाडीवाडीत फिरून वहीत लिहून आणल्याशिवाय ठराव करू नये. "लागेल हो आम्हाला" याला काम म्हणायचं नाही. कोणाच्या जागेत, काय काम, माती की कातळ, कोणत्या महिन्यात आणि आगाऊ किती देणार, एवढं लिहून आणा. हापूसचा खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल, आणि दहा-दहा मीटरवर कलमं, म्हणजे एकरी ४० खड्डे. काजूचे खड्डे लहान, ६० सेंटिमीटरचे. यावरून घनमीटर काढता येतात. अजून एक बारकाई. पहिल्या वर्षी गावात साठलेली सगळी कामं निघतात आणि मशीनला उसंत नसते. पण एकदा खड्डा काढला की त्याच बागेत पुन्हा काढायचा नसतो. हप्ता मात्र पाच वर्षं आहे. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे तास वेगळे लिहा.

रोजगार हमीच्या कामांचे तास या यादीत धरू नका. तिथे मजुरांच्या जागी मशीन लावता येत नाही. आणि लावू नये, कारण ते खड्डे खोदून मजुरी मिळवणाऱ्या बाया आपल्याच गटातल्या आहेत. ग्रामसंघाने हा प्रश्न आधीच बैठकीत उघड बोलून घ्यावा, मशीन दारात आल्यावर नको.

मोठ्या मशीनशी तुलना करताना तासाचा भाव तासाशी लावू नका. मोठ्याच्या एका बकेटमध्ये छोट्याच्या कितीतरी बकेटा मावतात. चराच्या मीटरला किती रुपये पडले ते काढा. जिथे मोठं मशीन पोचतं तिथे बहुतेकदा तेच स्वस्त पडेल. म्हणजे आपलं खरं गिऱ्हाईक अरुंद पाणंदीतलं, आगरातलं, घराच्या मागच्या परड्यातलं. ते पुरेसं नसेल तर दोन-तीन ग्रामसंघांनी मिळून घ्यावं, किंवा नुसता ट्रॅक्टर घेऊन अवजार बँक चालवावी आणि खोदाईला मशीन भाड्याने बोलवावं. यात कमीपणा काही नाही.

घ्यायचंच ठरलं तर

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, पैसे अडकतात. यादीत बॅकहो बसतो का ते कृषी सहाय्यकांना तोंडी नको, लेखी विचारा. ट्रॅक्टरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला आहे, पण बॅकहोचा दर त्यात धरू नका. ट्रॅक्टर, बॅकहो, सबफ्रेम, पंप, बकेटा आणि पोचवण्याचा खर्च, प्रत्येकाची किंमत आणि कर वेगळ्या ओळीत मागा. विमा एजंटला स्पष्ट सांगा की मशीन भाड्याने खोदाई करणार आहे. शेतीच्या वापराचा विमा काढून भाड्याने फिरवलं तर अपघाताच्या वेळी दावा अडतो.

चालवणार कोण, हे खरेदीच्या आधी ठरवा. गटातल्या एखादीच्या घरच्याला चावी दिली की वर्षभरात ते मशीन त्या घरचं होतं, भाडं कुठे गेलं ते विचारायचीही चोरी होते. तासाचं मीटर, त्याखाली सहीची वही, आणि पैसे फक्त खात्यावर, एवढं पहिल्या दिवसापासून पाळा. आपल्यातल्या दोघीतिघींनी शिकावं असं मला फार वाटतं. लिव्हरला ताकद लागत नाही, हात आणि नजर बसावी लागते. ज्या बाईला अंदाजाने भाकरी गोल थापता येते तिला बकेट सरळ ओढणं जड नाही. ट्रॅक्टरचं लायसन्स मात्र हवंच.

जो चालवेल त्याला तीन गोष्टी पाठ असाव्यात : वर विजेच्या तारा, खाली पाइप आणि केबल, आणि चरात माणूस. छातीपेक्षा खोल चरात आधार लावल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. मातीची कड न सांगता बसते, आणि गाडलेल्या माणसाला काढायला मिनिटंच मिळतात.

शेवटचं काम प्रात्यक्षिकाचं. शोरूमच्या मागच्या भुसभुशीत मातीत ते छानच खोदतं. डीलरला सांगा, आमच्या वाडीत या. बेड्यातून आत न्यायला लावा, तुमच्या मातीत, मधूनमधून दगड लागतील अशा जागी तीन-चार तास खोदून घ्या. डिझेल आधी आणि नंतर मोजा, चराचे मीटर मोजा. मग बॅकहो सोडून पुन्हा जोडायला लावा आणि घड्याळ बघा, कारण पावसाळ्यात चिखलणीला ट्रॅक्टर मोकळा हवा असेल तर हे काम तुमच्याच अंगणात होणार आहे. काम संपल्यावर खाली पुठ्ठा अंथरून मशीन रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचे डाग किती आहेत ते बघूनच आगाऊ रकमेचं बोला.