डुक्कर, ट्रान्झिस्टर आणि छोटं कॉलेज

मुलांनो, अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. जिकडे बघावं तिकडे मक्याची शेतं! तिथल्या ग्रिनेल गावात एक जुनं, छोटंसं कॉलेज आहे. १९४८ साली वसतिगृहातल्या मुलांनी हवाई बेटांवरच्यासारखी मेजवानी करायचं ठरवलं. अशा मेजवानीत अख्खं भाजलेलं डुक्कर लागतं. मग काय, दोन मुलं रात्री एका शेतावर गेली आणि तिथलं पिल्लू उचलून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांना वाईट वाटलं, म्हणून ती पैसे द्यायला गेली. पण तो शेतकरी निघाला गावचा नगराध्यक्ष! शिवाय आयोवात जनावर चोरणं म्हणजे साधी खोडी नव्हे, चांगला तुरुंगात टाकणारा गुन्हा.

त्या दोघांपैकी एकाचं नाव रॉबर्ट नॉयस. त्याची वाचायची आशा फारशी नव्हती. पण भौतिकशास्त्राचे ग्रँट गेल सर त्याला चांगले ओळखत होते. हा मुलगा शाळेत असतानाच त्यांच्या कॉलेजच्या वर्गात येऊन बसायचा. सरांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, कॉलेजच्या प्रमुखांनीही टाकला. पोलीस-कोर्ट टळलं, एका सत्रापुरतं कॉलेजबाहेर काढण्यावर निभावलं. ते सत्र नॉयसने न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत नोकरी करून काढलं आणि तो परत आला.

त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरचा शोध जाहीर केला होता. गेल सरांनी ओळखीपाळखीतून त्याची माहिती मागवली, आणि सर आणि नॉयस दोघं मिळून ती समजून घेऊ लागले. पुढे १९५९ मध्ये याच नॉयसने सिलिकॉनच्या एका तुकड्यावर अख्खं सर्किट बसवायची युक्ती काढली (जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये वेगळ्या पद्धतीने ती साधली होती). १९६८ मध्ये त्याने गॉर्डन मूर यांच्याबरोबर इंटेल कंपनी काढली. तुमच्या घरातल्या मोबाइलच्या आत जी चिप आहे ना, तिचं मूळ शोधत गेलात तर त्या मक्याच्या शेतांपर्यंत पोचाल.

ही गोष्ट मी का सांगतेय? दहावी-बारावीच्या पालकांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न सारखा असतो. परदेशात शिकायचं तर मोठ्या विद्यापीठात, की छोट्या ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजात? आणि ‘आर्ट्स’ हा शब्द ऐकला की निम्मे पालक तिथेच मान फिरवतात. थांबा! हे ‘आर्ट्स’ म्हणजे आपली कला शाखा नव्हे. तिथे गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र सगळं असतं. पदवीला येणाऱ्या मुलाने एका विषयात खोल जावं, पण त्याबरोबर इतिहास, भाषा, विज्ञान असं सगळं थोडंथोडं शिकावं, एवढाच त्याचा अर्थ. नॉयसनेही पदवी घेतली ती भौतिकशास्त्र आणि गणितातच.

खरा फरक माणसांचा आहे. ग्रिनेल, ॲमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना अशा कॉलेजांत सगळी मिळून दीड-दोन हजार मुलं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हायस्कूलएवढी! तिथे बहुतेक करून पदवीचेच विद्यार्थी असतात, त्यामुळे प्राध्यापकांचं पहिलं काम शिकवणं हेच. संशोधन-विद्यापीठाचं तसं नाही. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मनीचा धडा गिरवत अमेरिकेत ही पद्धत रुजवली. नवं ज्ञान शोधणं हे तिथल्या प्राध्यापकांचं मुख्य काम, आणि त्यांची बढतीही बरीचशी त्यावरच अवलंबून. बर्कलीसारख्या ठिकाणी पदवीचेच तीस हजारांवर विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या वर्गाला कधी कधी शेकड्यांनी मुलं बसतात, आणि शंका विचारायला समोर असतो तो पीएच.डी. करणारा एखादा तरुण. तो चांगलाही असेल हो. पण ज्यांचं नाव ऐकून तुम्ही तिथे गेलात ते सर लांब फळ्याजवळ उभे असतात. अशा गर्दीत एखाद्याने डुक्कर चोरलं तर त्याच्यासाठी कोण धावून जाणार?

एवढं वाचून लगेच छोट्या कॉलेजच्या बाजूने हात वर करू नका. रिचर्ड फाइनमन हे नाव ऐकलंय ना? ते १९३५ मध्ये एमआयटीत गेले, आणि १९३९ मध्ये पदवी घेईपर्यंत त्यांचं संशोधन शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आलं होतं. ज्या मुलाला आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक आहे आणि मोठ्या सरांचं दार ठोठवायला जो लाजत नाही, त्याच्यासाठी मोठी प्रयोगशाळा म्हणजे दिवाळीच. एमआयटीत तर १९६९ पासून पदवीच्या मुलांना प्रयोगशाळांत काम द्यायची रीतसर योजना आहे. छोट्या कॉलेजला हे सगळं कुठून परवडणार? वरच्या दर्जाचे विषयही तिथे थोडे. एखाद्याला एकदम पुढचं गणित शिकायचं असेल तर शिकवणारंच कुणी नसतं. आणि चार वर्षं एका लहानशा गावात काढायची. ती गोष्ट वेगळीच!

मला विचाराल तर या भांडणात एक गोष्ट लोक विसरतात. ही निवड एकदाच करायची नसते. नॉयस ग्रिनेलनंतर एमआयटीत गेला आणि १९५३ मध्ये डॉक्टर झाला. ग्रिनेलचेच थॉमस चेक पुढे बर्कलीला गेले, १९८९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जेनिफर डाउडना आधी पोमोना कॉलेजात शिकल्या, मग हार्वर्डमध्ये. पुढे त्यांनी याच चेक यांच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि २०२० चं नोबेल मिळवलं. आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, आणि मग १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी एकटं अर्थशास्त्र नाही घेतलं. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, सगळीकडे हात घातला. म्हणजे विद्यापीठ संशोधनाचं, पण शिकणं चौफेर. पाटी वाचून आत काय आहे ते कळत नाही, ते असं.

भारतातही आता थोडी अशीच निवड करता येते. आपल्याकडे बरीच वर्षं शिकवणं कॉलेजात आणि मोठं संशोधन वेगळ्या संस्थांत अशी वाटणी होती. पुण्याच्या आयसरमध्ये २००६ पासून बारावीनंतरची मुलं संशोधकांच्याच हाताखाली विज्ञान शिकतात. दुसरीकडे लिबरल आर्ट्स शिकवणारी खासगी विद्यापीठंही निघाली आहेत.

तेव्हा माहितीपत्रक हातात आलं की इमारतींचे फोटो नंतर बघा. पहिल्या वर्षी मला कोण शिकवणार? वर्गात किती जण? पदवीचा विद्यार्थी असताना प्रयोगशाळेत शिरायला मिळतं का, की दारावरच अडवतात? पत्र लिहून विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर येतं. शक्य झालं तर तिथे शिकणाऱ्या एखाद्या दादाला-ताईला गाठून विचारा, “तुझे सर तुला नावाने ओळखतात का?”

आणि आई-बाबा, पैशांचंही आधीच विचारून घ्या. तिथली काही श्रीमंत कॉलेजं परदेशी मुलांनाही घरच्या परिस्थितीप्रमाणे मदत देतात, पण बऱ्याच ठिकाणी ती मोजक्यांनाच मिळते, आणि तिचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणून बसलात तर तोवर मुदत निघून गेलेली असते.