खांद्यावर दोन तारे असलेली सिस्टर

मैत्रिणींनो, ‘नर्स’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही नाकं मुरडली जातात. “रात्रपाळी, परक्या माणसांची सेवा… आपल्या मुलीला कशाला हो ताई?” बचत गटाच्या बैठकीत परभणी-जिंतूरकडच्या आया मला हेच विचारतात. त्यांना मी लष्करातल्या सिस्टर्सबद्दल सांगते.

१८८८ मध्ये दहा इंग्रज नर्सेस बोटीने मुंबईला उतरल्या. कॅथरीन ग्रेस लॉक त्यांच्या प्रमुख. आपल्याकडच्या लष्करी नर्सिंग सेवेची ही सुरुवात. पुढे पहिल्या महायुद्धात या सेवेतल्या नर्सेस थेट मेसोपोटेमियापर्यंत, म्हणजे आजच्या इराकपर्यंत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश, सिंगापूर, इराण, इटली, जिथे जवान तिथे त्या होत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडायच्या बेतात असताना ‘कुआला’ ही बोट बायका-मुलं आणि नर्सेसना घेऊन निघाली. १४ तारखेला जपानी विमानांनी ती बॉम्ब टाकून बुडवली. त्या युद्धात या सेवेतल्या सुमारे ३५० नर्सेस मरण पावल्या, कैद झाल्या किंवा बेपत्ता झाल्या. हातात बंदूक नव्हती, पण मरण तेच होतं!

१९४३ मध्ये त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये जी. ए. राम मेजर जनरल झाल्या. आपल्या सैन्यात या पदावर पोचलेली पहिली स्त्री नर्सच होती, हे किती जणींना ठाऊक आहे?

मान मिळाला, तरी न्याय सहज मिळाला नाही. लष्करी नर्स सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं. लग्न करणाऱ्या पुरुष अधिकाऱ्याला असा नियम नव्हता. तो नियम १९९५ मध्ये गेला. पण सेलिनाबाई लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तब्बल छत्तीस वर्षांनी!

हे सगळं सांगायचं कारण असं. आपल्या मुली लातूर-नांदेडला ‘नीट’च्या क्लासला जातात. एमबीबीएसला नंबर लागला नाही की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. पण लष्कराच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठीही ‘नीट’चेच गुण धरतात. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, पुढे परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. पुण्याचं ए.एफ.एम.सी. आणि मुंबईचं नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय, दोन्ही आपल्याच राज्यात आहेत. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सरकारकडून. मात्र सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. शिक्षण संपलं की मुलगी लेफ्टनंट! अविवाहित मुलींबरोबरच विधवा आणि घटस्फोटितांनाही काही अटींवर अर्ज करता येतो.

काम सोपं नाही. बदल्या होतात, सीमेजवळच्या इस्पितळात राहावं लागतं, मोहिमेवर परदेशीही जावं लागू शकतं. म्हणून लेकीला जबरदस्तीने पाठवू नका. पण तिला जायचं असेल, तर “नर्सच ना!” म्हणून तिची वाटही अडवू नका. जाहिरात निघाली की शेजारणीच्या मुलीलाही सांगा.